चिडखोर, चिडचिडा, तापट, तिरसट: शिकागो विद्यापीठाच्या ऑनलाइन मराठी कोशांची पारख

इंग्रजीतला ‘इरिटेबल’ हा एकच शब्द मराठीत आणायला बसलं की समोर रांग लागते. चिडखोर, चिडका, चिडचिडा, तापट, रागीट, कोपिष्ट, शीघ्रकोपी, तिरसट, तुसडा, खवट, किरकिरा. घरात बोलताना यांतला नेमका शब्द आपसूक तोंडात येतो. लिहिताना अडतं, आणि भाषांतर करताना तर हमखास अडतं. मग बाळाच्या लसीच्या माहितीपत्रकात ‘तिरसटपणा’ छापून येतो आणि गोष्टीतला कायम वाकडं बोलणारा म्हातारा नुसता ‘चिडचिडा’ होऊन बसतो. दोन्ही ठिकाणी अर्थ जवळपास बरोबर आणि शब्द साफ चुकलेला.

या कामासाठी हाताशी ठेवावी अशी एक फुकट सेवा आहे: शिकागो विद्यापीठाचं ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ हे संकेतस्थळ. दक्षिण आशियातल्या अनेक भाषांचे छापील कोश तिथे शोधता येतील अशा रूपात ठेवले आहेत. मराठीसाठी कामाचे पाच: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), वाझे यांचा आर्यभूषण शालेय कोश (१९११), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९५०), मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी शिकणाऱ्यांसाठीचा कोश (१९८२-८३) आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. पानाची भाषा इंग्रजी आहे, पण शोधाच्या चौकटीत देवनागरी चालते.

शब्दाचा अर्थ, त्याचं वय आणि त्याचं मूळ या तीन गोष्टींसाठी ही सेवा उत्तम आहे. जवळजवळच्या दोन शब्दांतला वापराचा फरक मात्र ती सांगत नाही. रागाच्या शब्दांत तोच फरक सगळ्यात महत्त्वाचा असतो. म्हणून इथे शोधायचं कसं हे जसं कळायला हवं, तसंच कोश कुठे थांबतो आणि तिथून पुढे काय करायचं हेही.

आधी शोधाची रीत. प्रत्येक कोशाचं पान वेगळं आहे आणि शोध त्या-त्या कोशापुरताच चालतो. दोन निवडी कराव्या लागतात. पहिली, फक्त शीर्षशब्दांत (ज्या शब्दाची नोंद आहे त्या मुख्य शब्दांत) शोधायचं की नोंदीच्या सगळ्या मजकुरात. दुसरी, शब्द तंतोतंत जुळायला हवा, की सुरुवात, शेवट किंवा मधला भाग जुळला तरी चालेल. मराठी शब्द माहीत असेल तर शीर्षशब्दांत ‘सुरुवात जुळणारे’ हा पर्याय घ्या. ‘चिड’ एवढीच दोन अक्षरं टाकली की त्या घराण्यातले शब्द एका पानावर ओळीने येतात. ‘राग’ शोधताना उलट करा आणि तंतोतंत जुळणी घ्या, नाहीतर रागदारी, रागिणी आणि बाकीचं सगळं संगीत अंगावर येतं.

खरी मजा उलट्या शोधात आहे. मोल्सवर्थमध्ये ‘संपूर्ण मजकूर’ निवडून इंग्रजी शब्द टाकायचा, म्हणजे ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आला आहे ते सगळे समोर येतात. मराठीत पर्यायी शब्दांचे कोश कमी आहेत. त्यांचं काम हा १८५७ चा ग्रंथ अशा रीतीने करून देतो. मात्र इंग्रजी शब्द त्या काळचा हवा. नुसत्या ‘इरिटेबल’वर समाधान मानू नका. इरॅसिबल (irascible), पीव्हिश (peevish), फ्रेटफुल (fretful), पेट्युलंट (petulant), कोलेरिक (choleric), स्नॅपिश (snappish), मोरोज (morose), क्रॅबेड (crabbed) हे शब्द रोमन लिपीत एकेक करून टाकून पाहा. पीव्हिश आणि फ्रेटफुल तुम्हाला किरकिर-चिडचिडीच्या बाजूला नेतील, इरॅसिबल आणि कोलेरिक तापट-कोपिष्टाच्या, क्रॅबेड आणि मोरोज तिरसट-तुसड्याच्या. इंग्रजीतल्या जुन्या छटा हातात धरून मराठीतल्या छटांकडे जायचं, असा हा उलटा रस्ता आहे.

याच रस्त्यावर एक खड्डाही आहे. मोल्सवर्थच्या इंग्रजीत ‘पॅशनेट’ म्हणजे भडक माथ्याचा, रागीट. आज तोच शब्द आवडीने झपाटलेल्या माणसाला लावतात. तापट, रागीट अशा शब्दांपुढे ‘पॅशनेट’ वाचून कुणी ‘उत्कट’ असा अर्थ घेतला तर माणूसच बदलतो. मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्याने इथे फार जपून राहावं. कोशाचा मराठी भाग जुना आहे हे सगळ्यांच्या लक्षात असतं, इंग्रजी भागही तितकाच जुना आहे हे विसरायला होतं.

शब्द हमखास असायला हवा आणि सापडत नाही, असं वारंवार होईल. कारणं ठरलेली आहेत. पहिलं कारण अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी छापलेल्या कोशांत क्रियापदं चिडणें, करवादणें, खेकसणें अशी आहेत. ‘चिडणे’ असं तंतोतंत शोधलं तर हाती काही लागत नाही. शेवटचं अक्षर सोडून द्या आणि ‘चिड’, ‘करवाद’, ‘खेकस’ असं अर्धंच टाका. दुसरं कारण ऱ्हस्व-दीर्घ. नाम ‘चीड’ आज दीर्घ लिहितो, पण ‘चिडखोर’ आणि ‘चिडणे’ यांत तो ऱ्हस्व होतो. दोन्ही करून पाहायचं. तिसरं, ‘कोपिष्ट’ आणि ‘कोपिष्ठ’ ही दोन्ही रूपं लिहिली जातात, तेव्हा ‘कोपि’वर थांबा. चौथं कारण लोकांना डोकं धरायला लावतं, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. ‘किरकिऱ्या’, ‘कुरकुऱ्या’, ‘पिरपिऱ्या’ या शब्दांतला आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकदा नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) म्हणून, एकदा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधाच्या यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. कोणता कीबोर्ड काय उमटवतो हे शोधत बसण्यापेक्षा ‘किरकि’ एवढंच टाकणं सोपं.

विशेषणं पुल्लिंगी रूपात असतात, म्हणून ‘तुसडी’ नको, ‘तुसडा’. ‘पणा’ लावून झालेली भाववाचक नामं स्वतंत्रपणे मिळाली नाहीत तर मूळ विशेषण पाहा. मोल्सवर्थच्या नोंदीत शीर्षशब्दाजवळ छापील पानाचा क्रमांक आणि रोमन लिप्यंतर दिलेलं असतं. ते लिप्यंतर अक्षराला अक्षर असं यांत्रिक आहे, प्रत्येक ‘अ’ लिहिलेला. ते पाहून अमराठी माणूस चिडखोरचा उच्चार ‘चिड-अ-खोर-अ’ असा करील. परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांनी ते लिप्यंतर उच्चारासाठी वापरू नये.

आता कोशांविषयी एकेक करून, जिथे सांगण्यासारखं आहे तिथेच.

मोल्सवर्थ रागाच्या शब्दांसाठी इतका भरघोस का, याचं कारण त्याच्या घडणीत आहे. जेम्स मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पहिली आवृत्ती १८३१ मध्ये जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांच्या मदतीने निघाली. शब्द गोळा केले ते मराठी शास्त्र्यांच्या साहाय्याने, कोकण आणि देश इथल्या लोकांच्या तोंडून. दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. पोथ्यांतल्या भाषेवर थांबला असता तर क्रोध, कोप, रोष, क्षोभ, संताप एवढ्यावर भागलं असतं. तणतणणं, फणफणणं, धुसफुसणं, करवादणं हे पोथीत फारसं सापडत नाही. ते ओसरीवर, माजघरात, बाजारात ऐकावं लागतं. मोल्सवर्थने ते ऐकून घेतलं, म्हणून आज आपल्याला शोधता येतं. शब्दापुढच्या खुणाही पाहा: संस्कृत, हिंदी, फारसी, अरबी असं मूळ एकेका अक्षराने दाखवलेलं असतं. छापील प्रत हवी असणाऱ्यांसाठी १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने याचं पुनर्मुद्रण केलं, ना. गो. कालेलकरांच्या प्रस्तावनेसह.

दाते-कर्वे हा मराठीतून मराठीत अर्थ देणारा कोश आहे आणि वाचायला सरावाची गरज लागते. शब्दाची जात संक्षेपात असते, व्युत्पत्ती चौकोनी कंसात. गोल कंसात (कों.), (व.), (गो.) अशा खुणा दिसल्या तर तो शब्द किंवा अर्थ कोकण, वऱ्हाड, गोवा असा त्या भागातला आहे असं समजा. अर्थानंतर अवतरणं येतात. ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘दा’ म्हणजे दासबोध, ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा. जोडशब्द मुख्य शब्दाच्या पोटात ॰ असं शून्य देऊन लिहिलेले असतात, म्हणजे त्या शून्याच्या जागी मूळ शब्द घालून वाचायचं. एखादा ‘खोर’ किंवा ‘पणा’वाला शब्द शीर्षात मिळाला नाही तर तो अशा शून्यामागे लपलेला असू शकतो. वाक्प्रचार त्यातल्या मुख्य नामाखाली जातात. ‘नाकावर राग असणे’ पाहायचं तर ‘नाक’ उघडावं लागतं, आणि ‘नाक’ची नोंद लांबलचक आहे. ‘अंगाचा तिळपापड’, ‘तळपायाची आग मस्तकाला जाणे’, ‘पित्त खवळणे’ यांचंही तसंच. इथे संपूर्ण मजकुराचा शोध वेळ वाचवतो. निव्वळ वाक्प्रचारांसाठी दाते-कर्वे यांचाच वेगळा वाक्संप्रदाय कोश आहे, त्याची छापील प्रत ग्रंथालयात पाहणं जास्त सोयीचं.

वाझे आणि बर्नसन हे दोन छोटे कोश साक्षीदार म्हणून वापरावेत. एखादा शब्द १८५७ मध्ये आहे, १९११ च्या शालेय कोशात आहे आणि १९८२ च्या शिकाऊ कोशातही आहे, म्हणजे तो सव्वाशे वर्षं रोजच्या तोंडी राहिला आहे असं बिनधास्त समजा. उलट निष्कर्ष काढू नका. छोट्या कोशात शब्द नसला तर तो जागेअभावीही गळलेला असतो. तुळपुळे-फेल्डहाउस शिलालेख आणि महानुभाव गद्य वाचणाऱ्यांसाठी. चिडखोर माणसाच्या शोधात तिकडे जायची गरज सहसा पडत नाही.

मूळ पाहण्याचा फायदा किती होतो ते ‘चिडखोर’वरूनच बघा. यातला ‘खोर’ फारसी, मूळ अर्थ ‘खाणारा’. लाचखोर, नफेखोर, भांडखोर, हेकेखोर, हरामखोर ही सगळी त्याचीच भावंडं. हा प्रत्यय मराठीत खोड आणि सवय दाखवतो, आणि बहुतेक वेळा वाईट खोड. म्हणूनच एकदा चिडलेल्या माणसाला चिडखोर म्हणता येत नाही, वरचेवर चिडणाऱ्यालाच म्हणतात. ‘कोपिष्ट’मागे संस्कृतातला अतिशयदर्शक प्रत्यय आहे, गर्विष्ठमधला, म्हणून तो शब्द पुराणातल्या ऋषीला शोभतो आणि बसमधल्या प्रवाशाला जड होतो. आणि खुद्द ‘राग’: संस्कृतात रंग, लाली, आसक्ती, प्रेमसुद्धा. अनुरागात ते प्रेम टिकलं आहे. मराठीने मात्र त्याच शब्दाला संतापाचा अर्थ दिला आणि तो इतका मुरला की ‘मला तुझा राग आला’ हे हिंदी भाषकाला आधी समजावून सांगावं लागतं.

एका शब्दासाठी तर ही सेवा उघडलीच पाहिजे. तो म्हणजे त्रागा. आज ‘उगाच त्रागा करू नकोस’ म्हणतो तेव्हा डोक्यात असते आदळआपट, जेवण टाकणं, दार लावून बसणं. जुना अर्थ याहून भयंकर आहे. गुजरात-काठेवाडात भाट आणि चारण लोक कराराला, कर्जाला जामीन राहत. समोरच्याने शब्द मोडला की ते स्वतःच्या अंगावर वार करून घेत, प्रसंगी जीव देत, म्हणजे त्या रक्ताचं पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी. त्याला त्रागा म्हणत. हे कळलं की आजच्या शब्दाची धार दिसते. त्रागा म्हणजे नुसता राग नव्हे. स्वतःला त्रास करून घेऊन समोरच्याला पेचात पकडणारा राग. बाजारात भाजीवाल्याशी वाद झाला तर तो त्रागा होत नाही. सासरी कुणी ऐकत नाही म्हणून उपाशी झोपणं हा त्रागा. भाषांतरात ‘टँट्रम’साठी सरसकट ‘त्रागा’ लिहिणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. दोन वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेतं, तिथे ‘हट्ट’ किंवा ‘आकांत’ बरा.

आता कोश कुठे अपुरा पडतो ते. तापट, रागीट, चिडखोर, तिरसट या चौघांच्या नोंदी ओळीने वाचल्या तर अर्थ एकमेकांत मिसळतात. लवकर राग येणारा, असा साधारण सूर. पण मराठी कानाला हे चौघे वेगवेगळी माणसं आहेत. फरक काढण्यासाठी कोश मिटून तीन वाक्यं घ्यायची आणि शब्द त्यांत घालून पाहायचा.

पहिलं वाक्य: ‘दोन दिवस तो फार ___ झालाय.’ इथे चिडचिडा चपखल बसतो. ताप उतरल्यावर मूल चिडचिडं होतं, झोप न झालेला माणूस चिडचिडा होतो, साखर किंवा थायरॉइड बिघडल्यावर डॉक्टर चिडचिड वाढली का असं विचारतात. ही अवस्था आहे, येते आणि जाते. ‘दोन दिवस तो तिरसट झालाय’ असं कुणी म्हणत नाही, ‘तापट झालाय’ही नाही. म्हणून औषधांची, आजारांची, बाळांची माहिती लिहिताना शब्द एकच: चिडचिडेपणा. अगदी तान्ह्या बाळासाठी ‘किरकिर करतंय’, कारण त्याची चिडचिड आवाजातूनच कळते.

दुसरं वाक्य: ‘स्वभावाने ___ आहे, पण मनाने चांगला.’ इथे तापट आणि रागीट बसतात. तापट माणूस दुधासारखा, पटकन उतू जातो आणि गॅस बंद केला की खाली बसतो. त्याच्याविषयी ‘पण’ म्हणायला जागा असते. तिरसट घालून पाहा: ‘तिरसट आहे, पण मनाने चांगला’ हे वाक्य वकिली केल्यासारखं वाटतं. कारण तिरसट माणूस रागावलेला नसतानाही तिरसटच असतो. साधा प्रश्न विचारला तरी उत्तर वाकडं. त्याला भडकायला निमित्त लागत नाही, तो कधी भडकतही नाही कदाचित. सरळ बोलणं त्याला जमत नाही.

तिसरं: ‘___पणाने उत्तर दिलं.’ इथे तुसडेपणाने आणि तिरसटपणाने बसतात, तापटपणाने बसत नाही. तुसडेपणात माणूस समोरच्याला झिडकारतो. राग त्यात असेल-नसेल, पण जवळ येऊ नका हा निरोप नक्की असतो. दुकानातला, खिडकीपलीकडचा, फोनवरचा तुसडेपणा आपल्याला ओळखीचा आहे. खवट बोलण्यात टोमणा असतो. शब्द खवट खोबऱ्यावरून आलेला, तोंडात घेतल्यावर लगेच कळतं तसा.

चिडखोर आणि चिडका यांत अजून एक बारीक भेद आहे. चिडणाऱ्याला चिडवणारं कुणीतरी लागतं, आणि चिडका हा शब्द मुळात खेळगड्यांचा. डावात हरल्यावर तोंड फुगवणाऱ्या पोराला ‘चिडका बिब्बा’ म्हणतात. बिब्ब्याच्या टरफलात काळं, जहाल तेल असतं. धोबी त्याने कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत. ते कातडीला लागलं की आग होते, फोड येतात, यालाच बिब्बा उतणं म्हणतात. नुसता हात लागायचा अवकाश, इतकं या पोराशी जुळणारं दुसरं फळ नाही. कोशात बिब्बा शोधा, पण तो ‘चिडक्या’शेजारी बसल्यावर जे वजन येतं ते मैदानावरच कळतं. मोठ्या माणसाला चिडका बिब्बा म्हटलं तर थट्टा होते. त्याला चिडखोर म्हटलं तर तक्रार होते.

क्रियापदांत तर हा प्रकार आणखी सूक्ष्म आहे, आणि तिथे कोशातले अर्थ सगळ्यात जास्त सपाट वाटतात. आवाज कमी-जास्त करत जावं तशी ही क्रियापदं लावता येतात. धुसफुसणं म्हणजे राग बाहेर आलेला नाही, नुसता श्वासातून आणि हालचालीतून जाणवतो. दोन गटांतही धुसफूस चालते. चडफडण्यात हतबलता आहे: हातपाय बांधल्यासारखा राग, ज्याच्यावर काढावा त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. तणतणणारा माणूस मोठ्याने बोलतो, बहुधा चालत चालत, आणि ऐकणारा कुणी एक ठरलेला नसतो. फणकाऱ्यात मान वळते, पदर किंवा पाय आपटतो, बोलणं आखूड होतं. करवादणं हे थकलेल्या माणसाचं: दिवसभर राबून आल्यावर पोराने चौथ्यांदा तेच विचारलं की आई करवादते. खेकसणं एकाच झटक्याचं, कुत्रा भुंकावा तसं. डाफरायला अधिकार लागतो. साहेब शिपायावर डाफरतो, शिपाई साहेबावर डाफरत नाही. हा एवढा नियम सांभाळला तरी निम्मे अनुवाद सुधारतील. गुरकावणं धमकीच्या जवळ जातं. वसकन अंगावर येणं म्हणजे समोरच्याला कल्पना नसताना.

या भेदांसाठी नोंदींमध्ये वापराची वाक्यं हवीत. दाते-कर्व्यांत अवतरणं आहेत, पण ती बहुतांशी काव्याची आणि जुन्या गद्याची. त्यांतून शब्दाचं वय कळतं, आजचा माणूस तो कुणाला लावतो हे कळत नाही. कोण कुणाविषयी बोलतं हेही सुटलेलं आहे. खाष्ट आणि कजाग हे शब्द जवळजवळ नेहमी बाईला लावले जातात, खाष्ट तर सासूलाच. पुरुष तसाच वागला तर तो कडक किंवा तापट ठरतो. जमदग्नी, दुर्वास, तिरसिंगराव या पदव्या पुरुषांच्या. मराठी कोशांची नवी आवृत्ती कधी निघाली तर हे नोंदीत यायला हवं, कारण लिहिणाऱ्याला त्याची गरज रोज पडते.

आजचे शब्दही इथे मिळणार नाहीत. ‘सटकणे’चा कोशातला अर्थ निसटणे, पळ काढणे असा आहे, ‘माझी सटकली’ हा रागाचा अर्थ अलीकडचा. खडूस, भडकू, टाळकं सरकणं, डोक्यात जाणं यांसाठी बोलणाऱ्यांकडेच जावं लागतं. ‘डोक्यात जाणं’ कामाचं आहे, कारण त्यात दोष समोरच्यावर जातो: ‘तो माझ्या डोक्यात जातो’ म्हणणारा स्वतःला चिडखोर म्हणवून घेत नाही. ‘मला इरिटेट होतं’ हा प्रयोगही तसाच ‘मला कंटाळा येतो’च्या साच्यात बसवलेला आहे, शब्द इंग्रजी, वाक्य पूर्ण मराठी. तरुण पात्राच्या तोंडी तो ठेवावा. त्याच्या जागी ‘मी त्रस्त होतो’ लिहिलं तर पात्र पन्नास वर्षांनी म्हातारं होतं.

रोजच्या कामाला सोयीची मांडणी अशी: ब्राउझरमध्ये मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे असे दोन कप्पे उघडे ठेवायचे. पहिल्यात जुन्या इंग्रजी शब्दावरून उलटा शोध घेऊन पाच-सात मराठी शब्द उचलायचे, दुसऱ्यात त्यांचं मूळ आणि प्रदेश पाहायचा, मग वरच्या तीन वाक्यांत घालून मोठ्याने म्हणून बघायचे. एका शब्दाला दहा मिनिटं पुरतात. पात्र एखाद्या भागातलं असेल तर ‘कातावला’, ‘कावला’ असे शब्द आधी आठवून पाहा, आणि त्यापुढची (कों.) किंवा (गो.) अशी खूण तपासल्याशिवाय त्यांची अदलाबदल करू नका.